मोटर मुतंना झाली

होडीची मोटर चालू झाली की ती मुतली पाहिजे. ह्यो कायदाच हाय. मोटरीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या वीतभर वर, एक बारीक भोक असतंय. मोटर खालच्या जाळीतनं धरणाचं पाणी पिती, अंगातनं फिरवती, इंजिन थंड ठेवती आन् त्यातलं थोडं ह्या भोकातनं बाहीर टाकती. धार पडायली म्हंजी पोटात पाणी हाय, सगळं खुशाल. धार बंद म्हंजी ताप. ताप चढला की मोटर शिटी मारती. शिटीकडं बी काणाडोळा केला की आतलं लोखंड लोखंडाला धरतं, आन् मग ती मोटर उन्हाळ्यात पत्रे उडू नये म्हणून वर ठेवायच्या कामाची.

येवढं मला ठावं व्हतं. शाळा म्या बाहीरनंच बघितली, भिंतीच्या सावलीला मेंढरं बसवायला. पण धार बघायला कुठं चौथी पास लागती? तरीबी त्या दिवशी म्या होडी ढकलली, दोरी ओढली, मोटर भुरभुरली, आन् म्या धारंकडं बघितलंच नाय. म्या समोर बघत व्हतो. समोर पाण्यात माझी अक्का व्हती.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. जुनं गाव माझ्या बापाच्या टायमाला धरणात गेलं. त्या जुन्या गावाची पांढरी, म्हंजी घरं पडून पडून झालेलं मातीचं टेकाड, पाणी उतरलं की उघडं पडतं. काठापासून तिथवर जमिनीची चिंचोळी दांडी राहती, मेंढरं चालत जात्यात. गवत असं की मेंढरू मान वर काढीत नाय. थोरली अक्का आन् दाजी दर साली तिथं मेंढरांचा वाडा टाकून बसत्यात आन् पाणी चढायच्या आधी निघत्यात. औंदा आमच्याकडं पाऊसच नाय, तर निघायचं कशाला म्हणून राहिले. पण धरणातलं पाणी काय आमच्या आभाळाचं नसतंय. ते वरनं येतं, नाशकाकडनं. तिकडं सोडलं की इकडं कडक ऊन पडलेलं असताना पाणी चढायलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी दाजीचा फोन आला. दाजी मुळात बोलत नाय. मेंढरांशी बोलतो तेवढंच, ते बी हुर्र, थ्थूर्र असलं. त्यो म्हणला, "दांडी गेली." आन् फोन अक्काकडं दिला. अक्का म्हणली टेकाड निम्मं राहिलंय, सकाळी वाड्याची खुंटी कोरडी व्हती, आता पाण्यात हाय. सगळी मेंढरं वर एका जागी गोळा झाल्यात. मोटर घेऊन ये.

मासे धरणाऱ्यांचे चप्पू, म्हंजी थर्माकोलचे बारके तराफे, व्हते, पण ते सणाला आपापल्या गावी गेलेले. आन् चप्पूत एक माणूस आन् जाळं, त्याच्यावर तिसरं काय बसत नाय. तालुक्याला फोन लावला. त्यांची बोट दुसऱ्या गावची माणसं काढायला गेलेली, आमचा लंबर मागं लागला. म्हंजी त्या सगळ्या पाण्यावर मोटरवाली होडी एकच, आन् तिचा मालक म्या. अक्काचं नशीब असं.

काठापासून थोडं आत गेलो आन् शिटी झाली. म्या म्हणलं फोन वाजायलाय. खिशात हात घातला, फोन काढला, कानाला लावला, हालो म्हणलो. मग धूर दिसला.

मोटर बंद केली. वेळूनं होडी ढकलत माघारी काठाला आलो. बायको तिथंच कमरंवर हात ठेवून हुबी.  

वाळूजला माझा साडू एका कंपनीत इंजिनाच्या कामाला हाय. ही मोटर कुठल्यातरी बंद पडलेल्या बोटिंगवरनं त्यानंच मला बघून दिलेली. त्याला फोन लावला. त्यो शिफ्ट संपवून नुकताच झोपलेला. झोपंतनं उठलेला साडू म्हंजी दुष्काळातला सासरा.

"मुतायलीय का?" त्यानं पयलं तेच विचारलं.

"नाय."

"कवाधरनं?"

"बघितलं नाय."

"साडूभाऊ, मोटर बिघडलीय का तुझे डोळे, त्ये आधी ठरव."

म्या त्याला अक्काचं सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. म्हणला घाबरू नको, एक एक बघू. आधी त्या भोकात बारीक तार घाल. काय अडकलं आसंल. मोटरीचा खालचा पाय पाण्यात ठेवून मग चालू कर आन् मला सांग.

बायकोच्या पदराची पिन घेतली आन् भोकात घातली. आत काहीतरी चिवट लागलं. पिनंवर लाल लगदा आला. बायकोनं त्यो बोटावर घेऊन बघितला आन् माझ्या तोंडाकडं बघितलं. हिंगूळ व्हता. बैलाच्या शिंगाला लावायचा.

आता हितं मला पोळ्याचं सांगावं लागतंय.

आमच्याकडं बैल नाय. बापाच्या टायमाला बी नव्हता, आमी मेंढरावाले. पण म्या मेंढरं इकून होडी घेतली, तवापासनं गावातले लोक मला पोळ्याला चिडवायचे. ज्याला बैल नाय, मेंढरू नाय, त्याचा सण कसला? पाण्याला पुरणपोळी चारतो का काय? औंदा मला झटका आला. म्हणलं माझा बैल ही मोटर. ही राबती म्हणून चूल पेटती. आदल्या सांजला म्या तिची खांदेमळण केली. हळद आन् तूप तिच्या टोपाला, म्हंजी वरच्या झाकणाला, चोळलं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, असं तिच्या कानात म्हणलो. कान म्हंजी दोरीची मूठ, दुसरं काय सापडलं नाय. पोळ्याला धुतली, हिंगूळ लावला, चांगला दोन हात. अंगाला ठिपके काढले. झेंडूची माळ घातली. ज्या भोकातनं ती मुतती त्याच्यावर बी एक ठिपका गेला, म्या म्हणलं शोभंल.

म्या साडूला म्हणलं, थोडा रंग गेलाय आत.

"रंग कुठनं आला?"

"दिला व्हता."

 त्यो म्हणला भोक मोकळं झालं का? म्या म्हणलं झालं, पिन आरपार जातीय. दोरी ओढली. मोटर चालू झाली. म्या भोकाला तोंड लावल्यावानी बघत बसलो. आली, म्हणलं, आता येती. एक थेंब आला लाल. त्याच्यामागं काय नाय. पुन्हा शिटी.

अक्काचा फोन आला. म्हणली निघालास का? म्या म्हणलं निघालोच. काठावरनं मला टेकाड दिसत व्हतं. मेंढरं म्हंजी वर कुणी कापसाचं गाठोडं ठेवल्यावानी. हाक मारली तर अर्धी ऐकू जाईल, येवढंच लांब. निघालो म्हणायला माझी जीभ अडखळली नाय, ह्याची मलाच लाज वाटली. पण काय सांगू, तुझ्या भावानं मोटरीच्या बुडाला कुंकू लावलंय म्हणून?

साडू म्हणला आता खालची जाळी बघ. ती जिथनं पाणी पिती. पालापाचोळा, प्लास्टिक, शेवाळ, काय बी बसतं तिथं.

मोटर वर उचलली. खालच्या पायाला दोन्ही अंगाला चिरा हायत, माशाच्या कल्ल्यावानी. त्यात पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं. बायकोनं वाकून वास घेतला.

"ही माझी पुरणपोळी हाय," ती म्हणली.

म्या फोनवर हात ठेवला, पण साडूनं ऐकलंच. बैलाला निवद दाखवल्याबिगर पोळा व्हत नाय. बैलाच्या तोंडात पोळी घालायची. मोटरीचं तोंड कुठलं, म्या इचार केला व्हता, बरं का, बिगर इचाराचं नाय केलं. पाणी पिती ती जागा म्हंजी तोंड. म्हणून तिथं पोळी चोळली. तूप लावून. ती रात्रीतनं वाळून दगड झाली. वर मुंग्या.

  साडू हळू आवाजात म्हणला, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं, की ती पोळी सगळी काढ. चिमूटभर बी ठिवू नको. म्या सुईनं, नखानं, दातकोरणीनं पोळी काढायला बसलो. बायको लोट्यानं पाणी मारायली. पोळीत येलदोडा व्हता, त्याचं टरफल एका चिरंत अडकलेलं, त्ये निघंना. तिकडं टेकाडाची एक बाजू खचून पाण्यात गेलेली मला दिसली. मेंढरं एकदम एका अंगाला सरकली आन् पुन्हा थांबली.

जाळी साफ झाली. दोरी ओढली. धार नाय.

म्या खाली बसलो. साडू म्हणला आता एकच राहिलं. पायाच्या आत, वरच्या अंगाला, एक रबरी पंखा हाय. त्योच पाणी वर ढकलतो. मोटर पाण्याबाहीर चालवली की त्यो घासतो, तापतो, आन् डोळ्यादेखत जळतो. तू तिला कोरडी चालवली का?

म्या म्हणलं, नाय.

बायको म्हणली, "सांगा त्यांना."

पोळ्याला सगळे बैल मारुतीला नेत्यात, वाजतगाजत. म्या भेळवाल्याची हातगाडी आणली, तिच्यावर मोटर बांधली, झूल टाकली आन् मिरवणुकीत घुसलो. लोक हसले. एक म्हातारा म्हणला बैल मुका दिसतोय. मला लागलं त्ये. म्या दोरी ओढली. मोटर अशी डरकाळली की पुढचे दोन बैल उधळले. पोरं नाचायली. येशीपासून मारुतीच्या पायरीपर्यंत म्या तिला डरकाळू दिली. पायरीजवळ तिनं जळक्या रबराचा वास सोडला आन् आपली आपण बंद पडली. लोक म्हणले दमली. म्या म्हणलं लाजली. नारळ फोडला.

हे सगळं म्या साडूला सांगितलं. त्याला हसायला यावं अशी माझी इच्छा व्हती. त्यो हसला नाय.

"अक्का कितीक लांब हाय?" त्यानं विचारलं.

"दिसायलीय."

"मग खोल."

खालचा पाय खोलायला मोटरसायकलचा पाना लागला. आत पंखा नव्हताच. काळी भुकटी, आन् मधी एक कडं, त्याला दोन पाकळ्या शिल्लक, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांवानी. नवा पंखा साडूच्या म्हणण्यानं शहरात बी मिळंल का नाय सांगता येत नाय, मुंबईवरनं मागवावा लागतो. म्या म्हणलं रबरच ना? पायातली चप्पल काढली आन् इळ्यानं तिच्या तळव्याचा पंखा कापायला बसलो. चांगला कापला. आत ठोकून बसवला. दोरी ओढली तर दोरीच हलंना. चप्पल जाड झाली व्हती, दांडा गच्च धरून बसला. पुन्हा खोला, पुन्हा काढा. तेवढ्यात पाण्यानं काय थांबायचं व्हतं का? आमच्या काठाचं बाभळीचं बूड सकाळी कोरडं व्हतं, त्ये आता भिजलं. आन् म्या एका चप्पलीवर.

मला रडू आलं. खरंच आलं. काठावर चारपाच माणसं जमलेली, त्यांच्यासमोर. बायको तवर घरला गेलेली. मला वाटलं सोडूनच गेली. ती आली त्ये पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. ती दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीच्या रोजंदारीला जाती. खांद्याला पट्टे, एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातात नळी. दोन दिवस धुतला तरी औषधाचा वास जात नाय त्याचा.

"त्यांना विचारा," ती म्हणली, "पाणी वर चढायला पायजे ना? खालनं नाय चढत तर म्या वरनं देते."

म्या साडूला विचारलं. त्यो म्हणला थांब. मग म्हणला टोप काढ. त्या मुतायच्या भोकाला आतनं एक बोटाएवढी रबरी नळी येती बघ. ती ओढून काढ. जिथनं ती निघाली तिथं पंपाची नळी घाल, ट्यूबच्या पट्टीनं आवळ. उलटं पाणी जाईल, इंजिनातनं फिरंल, खालनं पडंल. धार तुला दिसणार नाय. तवा इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेव. हात टिकला तर चालव. हात टिकंना झाला तर त्या क्षणी बंद कर आन् थंड होऊ दे. आन् गोगलगाईवानी चालव. मूठ पिळायची नाय. काय बी झालं तरी पिळायची नाय.

त्यो म्हणला, "ऐकलंस का?"

म्या म्हणलं, "व्हय."

निघालो. बायको होडीच्या मधल्या फळीवर बसून पंप हाणायली. म्या एका हातानं मोटरीची मूठ धरलेली, दुसरा तळहात इंजिनाच्या डोक्यावर. मधूनमधून त्योच हात काढून लोट्यानं पंपाच्या टाकीत पाणी भरायचं. इंजिन गरम झालं पण हात टिकला. पाण्यावरनं असं पुढं जायलो की काठावरचे लोक लवकर लहान झाले नाय. कुणी म्हणलं असतं चालत या, तर चालत आलो असतो.

टेकाडावर पोचलो तवा वर जागा राहिलेली आमच्या अंगणाएवढी. साठसत्तर मेंढरं आन् कोकरं एकमेकांना चिकटून. अक्का गुडघ्यापर्यंत पाण्यात हुबी राहून त्यांना आत दाबीत व्हती. दाजीनं वाड्याची जाळी, घोंगड्या, भांडी गोळा करून डोक्यावर घेतलेली, खाली ठेवायला जागा नाय. अक्का माझ्याकडं, बायकोकडं, पंपाकडं, लाल ठिपक्यांच्या मोटरीकडं बघायली.

म्या म्हणलं, अक्का, तू आधी बस.

"मी बसले आन् तुझी मोटर अर्ध्यात बसली तर?" ती म्हणली. "कोकरं घाल."

म्या भांडलो. म्या म्हणलं माणूस मोठं का मेंढरू? ती म्हणली तुला मेंढराचं काय, तू तुझी इकून मोकळा झालास. त्ये मला बरं वाटलं नाय, पण ती खोटं बोलली नाय. कोकरं घातली. कोकरू होडीत घालणं सोपं, उचललं की आलं. आया मागनं वरडायल्या. त्या वरडण्यानं म्या मोटरीचा आवाज बी ऐकू शकत नव्हतो.

कोकरांची खेप काठाला लागली. मधी दोनदा मोटर बंद करून थांबावं लागलं. हात ठेवून, हात काढून, पुन्हा ठेवून. तळहाताला फोड आलेले. बायकोचा दांडा धरलेला हात भरून आलेला. हात बदलून हाणायली.  काठावरच्या लोकांनी कोकरं धरून घेतली. माघारी फिरलो.

अर्ध्यात आलो आन् टेकाडाकडं बघितलं. अक्का कमरंपर्यंत पाण्यात व्हती.

म्या मूठ पिळली.

साडूनं सांगितलेलं मला आठवलं नाय असं नाय. आठवलं. पण हातानं माझं ऐकलं नाय. मोटर उचलली, होडी पुढं धावली, थोडा वेळ, लईच थोडा वेळ, मला वाटलं पोचलो. बायको वरडली की नळी सुटली. पंपाची नळी धक्क्यानं निघून तिच्या मांडीवर पाणी मारायली. म्या तळहात ठेवला, चटका बसला, उचलला. शिटी झाली. म्या मूठ सोडायच्या आधीच आतनं एक आवाज आला, जात्यात खडा आल्यावानी, आन् मोटर थांबली. दोरी ओढली. दोरी दगडाला बांधल्यावानी. पुन्हा ओढली. बायको म्हणली अवं सोडा, गेली ती.

मोटरीचा टोप व्हता, पंपाचं झाकण व्हतं, वेळू व्हता. वेळू तळाला लागंना. ती टोपानं, म्या झाकणानं, आम्ही पाणी ओढायलो. वारा आडवा. माझा एक तळहात सोललेला, तरी ओढत राहिलो.  अक्का तिथनं बघत व्हती. 

पोचलो तवा मेंढरांच्या पायाखाली पाणी आलेलं. दाजी काठीनं त्यांना धरून व्हता. म्या म्हणलं अक्का, मोटर गेली. म्हणलं तुमी दोघं बसा, मेंढरांचं आता काय नाय करता येत. माझ्या तोंडातनं त्ये निघालं, आन् ती माझ्या कानफटात मारंल असं वाटलं. तिनं मारली नाय. ती काठाकडं बघत व्हती. काठावरनं कोकरांचं वरडणं अंधुक ऐकू येत व्हतं. आयांनी सगळ्यांनी माना तिकडं केलेल्या.

अक्का म्हणली, "पव्हतील."

दाजी म्हणला, "लोकर कातरायची राहिलीय."

"ठावंय."

त्या दोघांचं त्यापरीस जास्त बोलणं म्या कधी ऐकलं नाय. दसऱ्याच्या आधी कातरणी व्हत असती. अंगावर सालभराची लोकर, ती भिजली की मेंढरू पोत्यागत जड. अक्कानं मला काठावरच्या माणसाला फोन लावायला सांगितलं, की सगळी कोकरं पाण्याच्या कडंला आणा आन् पाजू नका, धरून ठिवा, वरडू द्या. मग तिनं मोठ्या मेंढ्याच्या शिंगाला दोरी बांधली, दुसरं टोक होडीला. आम्ही चौघं बसलो. दाजीनं होडीतनंच काठी पाण्यावर आपटली आन् घशातनं असा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. मेंढा पाण्यात उतरला. मग त्याच्यामागं एक, मग दोन, मग सगळी.

मेंढरं पव्हताना फक्त तोंडं दिसत्यात. पाण्यावर तोंडांचा थवा. काठावरनं कोकरं वरडायली, हिकडनं आया वरडायल्या, आन् आमी चौघं परात, टोप, झाकण, काठी, मिळंल त्यानं पाणी ओढायलो. मधी पोचलो तवा काही तोंडं मागं राहायला लागली. मागं राहिलेलं मेंढरू फिरून टेकाडाकडं बघतं, आन् टेकाड तर नाय. अक्का होडीच्या कडंला पालथी पडून, जे जवळ आलं त्याचा कान धरून आत ओढायली. तिनं चारपाच ओढली. म्या एकाचा कान धरला, पण सोललेल्या हातातनं त्यो सुटला. मला एक ठावं नव्हतं, येवढी वर्सं मेंढरात काढून ठावं नव्हतं. मेंढरू बुडताना वरडत नाय. तोंड असतं आन् मग नसतं.

काठाला लागलो. मेंढा आधी चढला, मग त्याच्यामागची. अंग झटकलं की पाणी पावसागत उडायचं. आया आपल्या कोकराला हुंगायल्या, ढकलायल्या, पाजायल्या. दाजी त्यांच्यातनं फिरायला लागला, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून. त्यो मोजीत नव्हता. कोण नाय त्ये त्याला बघितल्याबरोबर कळतं. जवळपास तिसरा हिस्सा नव्हता. गेलेल्यात बरीच म्हातारी व्हती, पण सगळी नाय. काही तरण्या, काल परवा व्यालेल्या बी.

 काठावरचे लोक पांगले. बायको फळीवरनं उठली तर तिचे दोन्ही हात वर जाईनात, दोन बायांनी तिला धरून नेलं. मोटर होडीला लटकत व्हती, तिच्या अंगावरचा हिंगूळ पाण्यात उतरत व्हता. म्या तिच्याकडं बघितलं नाय. म्या मेंढरांमधी जाऊन हुबा राहिलो. माणसांमधी हुबं राहायचं तोंड नव्हतं.

मग आई नसलेली कोकरं वरडायला लागली. जिला कोकरू हाय ती त्याला पाजती, दुसऱ्याचं आलं की डोक्यानं उडवती. ह्यांना पाजायचं म्हंजी एकानं मेंढी दाबून धरायची, दुसऱ्यानं कोकरू आचळाला लावायचं. अक्कानं एक मेंढी गुडघ्यात धरली, तिची मान छातीशी आवळली, आन् माझ्याकडं बघितलं. म्या एक कोकरू उचललं. सोललेला हात खाली घालवंना, म्हणून डाव्या हातानं त्याचं तोंड आचळाला लावलं. कोकराला काय कळंना. मेंढीनं लाथ मारली, ती माझ्या नडगीला बसली. कोकरू निसटलं. म्या पुन्हा धरून आणलं. तिनं पुन्हा मारली. म्या जरा मागं सरकलो.

"धरून ठिव," अक्का म्हणली. "आता येवढं तरी धर."

म्या गुडघ्यावर बसलो आन् धरलं. तिनं मारल्या तेवढ्या लाथा खाल्ल्या. दिवस मावळायला आलेला, वल्या लोकरीचा वास सगळीकडं. कोकराचं तोंड आचळावरनं दोनतीनदा घसरलं. मग एकदा त्यानं आचळ धरलं, आन् त्याची शेपटी हलायला लागली. अक्कानं मेंढीची मान थोडी सैल सोडली. मेंढीनं मागं वळून त्याला हुंगलं, तिला त्यो वास आपला वाटला नाय, पण आता ती दमली व्हती. ती हुबी राहिली.

अक्का म्हणली दुसरं आण. म्या ह्याचं पोट भरायची वाट बघत तसाच धरून बसलो.